मधल्या सुट्टीनंतर बॉल कुणाच्या हातात द्यायचा?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे सुटतात, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून यावेळी सगळे आकडे नीट लिहून दिलेत.)

इयरफोन लावलेत ना? बदलापूर लोकलमध्ये असाल तर आधी बॅग वर टाका, नीट उभे राहा, मग ऐका.

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. माझा मामेभाऊ बदलापूरला राहतो. बारावीला होता, फास्ट बोलिंग टाकतो. मार्चमध्ये पेपर संपले आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन. "दादा, शनिवारपासून टुर्नामेंट आहे. आठ दिवसांत तीन मॅच. कॅप्टन म्हणतोय तिन्ही मॅचला तूच ओपन कर, पूर्ण आठ-आठ ओव्हर टाक. दोन महिने आराम झालाय, एकदम फ्रेश आहेस."

मी विचारलं, "दोन महिन्यांत बॉल किती टाकलेस?"

"एकही नाही. आईने किटबॅग माळ्यावर टाकली होती."

मंडळी, हे 'फ्रेश आहेस' वाक्य मी आधी ऐकलंय. एकोणीस वर्षांचा होतो, अंबरनाथला राहायचो. चार महिने पाऊस, मैदानात गुडघाभर चिखल, बोलिंग बंद. ऑक्टोबरमध्ये एका क्लबकडून दोन दिवसांची मॅच होती. कोच हेच म्हणाले होते. मी एकवीस ओव्हर टाकल्या. विकेटही मिळाल्या, कुणाला खोटं का सांगू. पण परतीच्या गाडीत सीटवरून उठताना कमरेत डाव्या बाजूला कळ आली, आणि ती पुढे वर्षभर गेली नाही. मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेला होता. त्यानंतर मी क्रिकेट फक्त बघतो, वाचतो आणि तुम्हाला सांगतो.

म्हणून आजचा प्रश्न असा: हंगामाच्या मध्येच सुट्टी आली, तर सुट्टीनंतर बॉल कुणाच्या हातात द्यायचा? किती द्यायचा? आणि हा हिशोब जगाने कधी शिकला?

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण हा हिशोब सगळ्यात काटेकोर ठेवतात ते बेसबॉलवाले. तिथल्या मोठ्या लीगमध्ये एक टीम साधारण सहा महिन्यांत १६२ मॅच खेळते, जवळजवळ रोज एक. बोलरला तिथे पिचर म्हणतात. मॅचची सुरुवात करणारे पिचर पाच, आणि त्यांची पाळी ठरलेली. आज तू, उद्या तो, परवा तिसरा. एक जण साधारण शंभर बॉल टाकतो आणि मधे चार दिवस मॅच खेळत नाही. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्यासाठी काही दिवस लीग थांबते. मॅनेजरला तेव्हा पाचही नावं नव्याने मांडायची संधी मिळते. सगळ्यात भारी पिचर सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी उतरवला, तर उरलेल्या हंगामात त्याच्या वाट्याला जास्त मॅच येतात. तो थकलेला असेल तर त्याला पाचव्या नंबरवर ढकलायचं, म्हणजे त्याला आठवडाभराहून जास्त विश्रांती मिळते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मधल्या चार दिवसांत तो पिचर झोपून राहत नाही. एखाद्या दिवशी हलका सराव करतो, मोजून बॉल टाकतो. हात थंड पडू द्यायचा नाही. आराम म्हणजे शून्य नव्हे, हे त्यांनी पक्कं धरलंय.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १८८४ साली प्रॉव्हिडन्स नावाच्या टीमकडे दोन मुख्य पिचर होते. जुलैमध्ये, हंगामाच्या ऐन मध्यावर, त्यातला एक टीम सोडून गेला. उरला चार्ल्स रॅडबर्न. त्याने सांगितलं, मी टाकतो. आणि टाकत राहिला, जवळजवळ रोज. त्या एका हंगामात त्याने ७३ मॅच सुरू केल्या आणि ७३च्या ७३ स्वतःच संपवल्या. जिंकलेल्या मॅच ५९, काही नोंदींत ६०. हा विक्रम आजही मोडलेला नाही आणि मोडणारही नाही, कारण आता कुठलाही मॅनेजर असं करू धजणार नाही. सकाळी केस विंचरायला त्याचा हात वर जात नसे, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, ज्याने कधी जोरात बॉल टाकलाय त्याला ती पटते.

आता आपल्याकडे या. त्याच सुमाराचा आपला माणूस म्हणजे पळवणकर बाळू. मूळ घराणं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची निगा राखायची नोकरी, पगार महिन्याला चार रुपये. तिथे नेटमध्ये ग्रेग नावाच्या इंग्रज कॅप्टनला तो तासन्‌तास बोलिंग टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हातात दिली जात नसे. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबने त्याला खेळायला घेतलं. मैदानावर बॉल त्याच्या हातात, पण चहाच्या वेळी त्याला वेगळं, पॅव्हेलियनच्या बाहेर.

१९११ साली भारताची टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन पतियाळाचे महाराज. ते दौऱ्यात लवकरच टीमपासून दूर झाले आणि चांगला बॅट्समन केकी मिस्त्री त्यांच्यासोबत गेला. टीम २३ मॅच खेळली, त्यातल्या १५ हरली. बाळूने मात्र सगळ्या मॅच मिळून ११४ विकेट काढल्या. विचार करा, हरणाऱ्या टीमचा मुख्य बोलर म्हणजे किती ओव्हर! त्याची पाळी कोण ठरवत होतं? त्याच्या खांद्याचा हिशोब कोण ठेवत होतं? ज्याला चहा वेगळा दिला जात होता, त्याच्या थकव्याची वही कोण ठेवणार? बोलर म्हणजे राबणारा माणूस, ही समजूत आपल्या खेळात इतकी जुनी आहे.

आता एकदम शंभर वर्षं पुढे. २०२४. मुंबईने त्या वर्षी ४२वी रणजी ट्रॉफी जिंकली. ५ जानेवारीला हंगाम सुरू झाला, १४ मार्चला वानखेडेवर फायनल संपली. ७० दिवसांत दहा मॅच. मार्चच्या सुरुवातीला बीकेसीच्या मैदानावर तामिळनाडूविरुद्ध सेमीफायनलमध्ये शार्दूल ठाकूरने शतक ठोकलं आणि नंतर पत्रकारांसमोर एक रोखठोक गोष्ट मांडली. मॅचच्या मधे फक्त तीन दिवस मिळतात, फास्ट बोलरचं शरीर भरून यायला ते पुरत नाहीत, असंच चालू राहिलं तर देशभर पोरं जखमी होतील. हा शार्दूल पालघरचा, किटबॅग घेऊन लोकलने मुंबई गाठणारा. आपण सेंट्रलवाले, तो वेस्टर्नवाला, पण दारात उभं राहायचं दुखणं एकच.

पुढच्याच हंगामात बोर्डाने रणजी दोन भागांत विभागली. पहिल्या पाच मॅच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मग मधली सुट्टी. उरलेल्या लीग मॅच २३ जानेवारी २०२५ पासून. म्हणजे दोन महिन्यांहून मोठी गॅप. कागदावर झकास!

पण थांबा. ही सुट्टी कुणाची होती? लाल बॉलची. बोलरची नव्हती. त्या दोन महिन्यांत आधी सय्यद मुश्ताक अली, मग विजय हजारे. एकात चार ओव्हर, दुसऱ्यात जास्तीत जास्त दहा. मुंबईने मुश्ताक अली जिंकलीसुद्धा, १५ डिसेंबरला. बोलर दमत होताच, पण वेगळ्या पद्धतीने. यॉर्कर, स्लोअर, धावपळ, विमानप्रवास. दिवसाला पंधरा-वीस ओव्हर टाकायची जी सवय लागते, ती मात्र सुटत होती. दमलेला आणि सवय सुटलेला, दोन्ही एकदम! कॅप्टनची खरी अडचण इथे आहे.

२३ जानेवारीला बीकेसीवर जम्मू-काश्मीर आलं. मुंबईकडून रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, सगळे हजर. मुंबई पहिल्या डावात १२० ऑलआउट. दुसऱ्या डावात ७ बाद १०१ असताना शार्दूल आणि तनुष कोटियन उभे राहिले. शार्दूलने ११९ काढले. तरी पाच विकेटनी हरलो. हरलो ते मुख्यतः बॅटिंगमुळे, हे कबूल करू. पण गंमत पुढे आहे. आठवडाभरात मेघालयाविरुद्ध शार्दूलने हॅटट्रिक घेतली आणि फेब्रुवारीत ईडन गार्डन्सवर हरयाणाच्या पहिल्या डावात सहा विकेट काढल्या. मॅच खेळत गेला तशी लय आली, असं मला दिसतं. मेघालयाची टीम कमजोर होती, त्यामुळे यावरून सिद्धांत मांडू नका. सेमीफायनलमध्ये नागपुरात विदर्भाने आपल्याला ८० रन्सनी हरवलंच. त्या विदर्भाकडे हर्ष दुबे होता, डावखुरा स्पिनर. त्या हंगामात त्याने ६९ विकेट घेतल्या, एका रणजी हंगामातला विक्रम. फास्ट बोलरांना श्वास घ्यायला मिळावा म्हणून एका टोकाला असा माणूस लागतो.

आणि पुढचं उदाहरण तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय. २०२५चा इंग्लंड दौरा. त्याआधी ऑस्ट्रेलियात बुमराहने १५१.२ ओव्हर टाकून ३२ विकेट घेतल्या होत्या, आणि सिडनीला शेवटच्या डावात पाठीमुळे तो बोलिंगच करू शकला नाही. म्हणून इंग्लंडला जाताना आधीच ठरलं, पाचपैकी तीन टेस्ट. लीड्सची टेस्ट २४ जूनला संपली, आपण हरलो. पुढची २ जुलैला. मधे आख्खा आठवडा मोकळा. तरी बर्मिंगहॅमला बुमराह बाहेर! रवी शास्त्रींनी नाराजी बोलून दाखवली. माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर शिव्याच. आणि झालं काय? आकाश दीपने दहा विकेट घेतल्या, आपण ३३६ रन्सनी जिंकलो.

दुसरीकडे सिराज पाचही टेस्ट खेळला. १८५.३ ओव्हर, म्हणजे १,११३ बॉल. २३ विकेट. ओव्हलला शेवटच्या सकाळी सहा रन्सनी मॅच काढली ती त्यानेच. मग सिराज बरोबर की बुमराह? दोन्ही. दोघांची शरीरं वेगळी, आधीची दुखणी वेगळी. पाळी नावावरून ठरत नाही, त्या माणसाच्या मागच्या दोन-तीन महिन्यांवरून ठरते.

आता परत बदलापूरला. मामेभाऊ सतरा वर्षांचा. या वयात कमरेच्या मणक्याची हाडं अजून पक्की झालेली नसतात, म्हणून फास्ट बोलरला तडा जातो तो बहुतेकदा याच वर्षांत. अमेरिकेत शाळकरी पिचरांसाठी नियम आहेत. पंधरा-सोळाच्या पोराने एका दिवसात ७६ किंवा जास्त बॉल टाकले, तर मधे चार दिवस सुट्टी. इंग्लंडच्या बोर्डाने अनेक वर्षं वापरलेल्या नियमांत चौदा-पंधराच्या फास्ट बोलरला सलग सहा ओव्हर आणि दिवसाला बारा, एवढीच मुभा. आपल्याकडे उल्हासनगरच्या कॅम्पातल्या मैदानापासून बदलापूरपर्यंत शनिवार-रविवार किती टुर्नामेंट होतात! तोच पोरगा सकाळी लेदर बॉल, संध्याकाळी टेनिस बॉल. बॉल मोजतं कोण? आयोजक रन्स मोजतो, कॅप्टन विकेट मोजतो. पोराची आई फक्त तो किती वाजता घरी आला तेवढं मोजते.

मी कॅप्टनला फोन लावला. वीस-एकवीसचा पोरगा, समजूतदार. म्हणाला, "दादा, पटतंय हो. पण मग ओपन कोण करणार?" आम्ही फोनवरच पाच नावं मांडली. भावासाठी ठरलं ते असं: शनिवारपर्यंत एक दिवसाआड नेट, आधी १२ बॉल, मग १८, तेही पाऊण जोरात. पहिल्या मॅचला चार ओव्हर, दोन-दोनच्या दोन हप्त्यांत. मंगळवारच्या मॅचला फक्त फिल्डिंग. पुढच्या शनिवारी सहा ओव्हर. आणि त्यांच्याकडे उल्हासनगरचा एक डावखुरा स्पिनर आहे, ज्याला पंधराव्या ओव्हरआधी कुणी विचारत नाही. नवा बॉल त्याला द्यायचा.

मी डॉक्टर नाही. हा हिशोब एका मोडलेल्या बोलरचा आहे, एवढंच. कमरेत एका बाजूला दुखत असेल तर पॉडकास्ट बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा.

शनिवारी काय झालं? स्पिनरने तीन विकेट काढल्या. तरी आपण हरलो. शेवटच्या ओव्हर्समध्ये फटकेबाजी झाली, तेव्हा भाऊ कव्हरला उभा होता, त्याच्या चार ओव्हर संपलेल्या. रात्री फोन आला. "दादा, तुझ्यामुळे हरलो." मी काही बोललो नाही. त्याचं चुकलंही नव्हतं, कदाचित अजून दोन ओव्हर टाकल्या असत्या तर जिंकलोही असतो. मी फक्त विचारलं, "कंबर?"

"ठीक आहे."

"मग मंगळवारी पाणी घेऊन जा मैदानात."

फोन आपटला त्याने. पण काल त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. मोबाईलच्या नोट्समध्ये तारखा आणि समोर आकडे. १२, १८, २४, ०. खाली एकच ओळ: शनिवार, ३६.

तुमच्या टीममध्ये असा एखादा पोरगा असेल, ज्याला सगळे 'फ्रेश आहेस' म्हणतात. त्याने गेल्या महिन्यात किती बॉल टाकले, हे आज त्याला विचारा. उत्तर येत नसेल तर वही तुम्ही घ्या.

चला, अंबरनाथ आलं, मला उतरायचंय. पुढच्या भागात भेटू.