आतड्याची तयारी आणि रुग्णाची तयारी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या हस्तकौशल्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहात पोहोचण्यापूर्वीच्या दिवसांना त्यात क्वचितच स्थान मिळते. वास्तविक गेल्या शतकभरात वैद्यकाने आपली मते सर्वांत अधिक वेळा फिरवली ती याच दिवसांविषयी.

गाठ असलेला आतड्याचा भाग काढल्यावर उरलेली दोन टोके जोडावी लागतात. हा जोड गळला, तर मळातील जंतू पोटाच्या पोकळीत पसरून उदरावरणाचा दाह होतो, जो प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात बहुधा प्राणघातक ठरत असे. म्हणून आतडे आधीच धुऊन रिकामे करावे, हा विचार स्वाभाविक होता. त्यातून काही दिवस पातळ आहार, मग रेचके, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत एनिमा असा क्रम रूढ झाला. १९४० च्या दशकात एडगर पॉथ या अमेरिकी शल्यविशारदाने रक्तात फारशी न शोषली जाणारी सल्फा औषधे पोटातून देऊन आतड्यातील जंतू घटवण्याचा मार्ग दाखवला, तर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी निकोल्स आणि कॉन्डन यांनी निओमायसिन व एरिथ्रोमायसिन ही औषधजोडी प्रचारात आणली.

याच काळात मध्यरात्रीनंतर काहीही खाऊ-पिऊ न देण्याचा नियम सर्वत्र कडक झाला. भुलीच्या अमलात जठरातील द्रव फुप्फुसात गेल्यास होणाऱ्या हानीचे वर्णन कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसूतीच्या रुग्णांसंबंधी केले होते, आणि त्या सावधगिरीची व्याप्ती पुढे सरसकट सर्व रुग्णांपर्यंत गेली. परिणामी, आधीच भूक मंदावलेला आणि वजन घटलेला वृद्ध रुग्ण जुलाबाने शुष्क होऊन, उपाशीपोटी टेबलावर येऊ लागला. घटलेले वजन किती घातक ठरते, हे हायरम स्टडली यांनी जठरव्रणाच्या रुग्णांच्या अभ्यासातून १९३६ मध्येच दाखवले होते, तरी त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

मनाच्या तयारीचा अभ्यास प्रथम आतड्याच्या विभागात नव्हे, तर भूलतज्ज्ञांकडे झाला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी काहींना वेदना कोठे होतील, किती काळ टिकतील आणि स्नायू सैल सोडून त्या कशा कमी करता येतील, हे समजावून सांगितले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या रुग्णांची अफूजन्य वेदनाशामकांची गरज सुमारे निम्म्याने घटली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले, यद्यपि त्यांना घरी सोडणाऱ्या शल्यविशारदांना कोणाशी असे बोलणे झाले आहे हे ठाऊक नव्हते. ज्यांच्या पोटावर मलमार्गाचे कृत्रिम छिद्र, म्हणजे स्टोमा, करायचे असते, त्यांच्यासाठी क्लीव्हलँड क्लिनिकचे रुपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना नेमले. त्या स्वतः स्टोमासह जगत होत्या, आणि अशा समुपदेशनाचे स्वतंत्र व्यावसायिक क्षेत्र त्यांच्यापासून उभे राहिले.

१९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी उपवास, नळ्या आणि सक्तीची विश्रांती या प्रत्येक रूढीकडे पुरावा मागितला. पुढे २००७ मध्ये नेदरलँड्स आणि स्वीडनमधील, प्रत्येकी हजाराहून अधिक रुग्णांच्या चाचण्यांत केवळ रेचकांनी आतडे धुतल्याने जोड गळण्याचे प्रमाण घटत नसल्याचे आढळले. रेचकांसोबत तोंडावाटे प्रतिजैविके द्यावीत काय, हा वाद मात्र त्यानंतरही चालूच राहिला. दरम्यान मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रान्सिस्को कार्ली यांच्या गटाने शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांत व्यायाम, प्रथिनयुक्त आहार आणि चिंताशमन यांची सांगड घातली. याच धर्तीवर युरोपातील अनेक रुग्णालयांत २५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २९.७ टक्के, तर पूर्वतयारी केलेल्यांत १७.१ टक्के आढळले. हे आकडे समोर असताना शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंतचा काळ निव्वळ प्रतीक्षेत घालवणे समर्थनीय ठरत नाही.