वाचलेलें कितीसें उरतें?

आपल्या घरोघरीं पुस्तकांचीं कपाटें असतात, आणि त्यांतील पुष्कळशीं पुस्तकें आपण एकदां तरी वाचलेलीं असतात. आतां त्यांपैकीं एखादें पुस्तक न उघडतां, त्यांत काय आहे तें दहा वाक्यांत सांगावयाचें कोणी ठरविलें, तर काय होतें? ग्रंथकाराचें एकही वाक्य जसेंच्या तसें ओठांवर येत नाहीं. पण पुस्तकाचा आशय मात्र आपण बऱ्याच विश्वासानें सांगतों. हा विश्वास कितपत सार्थ आहे? आपण जें सांगतों तें ग्रंथकाराचें, कीं आपलें स्वतःचें? या प्रश्नाचा शास्त्रीय शोध गेल्या सुमारें १४० वर्षांत कसा होत गेला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. ज्याचें आयुष्य मुलांकडून धडे वाचून घेण्यांत व कविता म्हणवून घेण्यांत गेलें, त्याला ही हकीकत केवळ मानसशास्त्राची वाटत नाहीं. मुलानें पुस्तकांतील ओळी तशाच उतरविल्या तर त्याला समजलें असें धरावें काय, आणि त्यानें त्या बदलल्या तर चुकला असें मानावें काय, याचा निकाल उत्तरपत्रिकेवर गुण घालतांना मास्तराला दर वेळीं द्यावाच लागतो.

या शोधाची सुरुवात हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानांपासून मानतात. त्यांचें स्मृतीवरील पुस्तक १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. प्रयोग करणारेही तेच, आणि ज्यांच्यावर प्रयोग करावयाचा तेही तेच! अर्थाची लुडबूड नको म्हणून त्यांनीं दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून सुमारें २,३०० निरर्थक शब्दांश तयार केले. त्यांच्या माळा घोकावयाच्या, आणि कांहीं काळानें त्याच माळा पुन्हां घोकून पहिल्यापेक्षां किती श्रम वांचले तें मोजावयाचें, अशी त्यांची पद्धत. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वांचत, एका दिवसानंतर ३४ टक्के, आणि एकतीस दिवसांनंतर २१ टक्के. विस्मरणाचा उतार आरंभीं फार तीव्र व पुढें सौम्य असतो, हें यावरून सिद्ध झालें व तें आजही मान्य आहे. परंतु मला त्यांची दुसरीच एक नोंद अधिक मोलाची वाटते. बायरनच्या 'डॉन जुआन' काव्यांतील कडवींही त्यांनीं पाठ करून पाहिलीं. ऐंशी शब्दांशांचें कडवें त्यांना आठ-नऊ आवर्तनांत येई. तितक्याच निरर्थक शब्दांशांना सत्तर-ऐंशी आवर्तनें लागत. म्हणजे अर्थ, यमक आणि वृत्त हीं तिन्ही मिळून जवळजवळ नऊ-दशांश श्रम वांचवीत होतीं. ज्यानें एवढें काम केलें त्यालाच प्रयोगाबाहेर बसवून पुढें चालावें, हें नवलच. पण मोजमापाच्या हौसेपायीं शास्त्रज्ञ कधीं कधीं सोपें तेवढें मोजतात आणि अवघड तें सोडून देतात.

तें अवघड काम हातीं घेतलें केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनीं. १८८६ सालीं ग्लॉस्टरशायर परगण्यांत जन्मलेले हे गृहस्थ पुढें केंब्रिज विद्यापीठांत प्रायोगिक मानसशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चालविलेले त्यांचे प्रयोग १९३२ सालीं 'रिमेंबरिंग' या ग्रंथांत प्रसिद्ध झाले. निरर्थक शब्दांश दिले म्हणून अर्थ टळत नाहीं, माणूस तेथेंही अर्थ शोधूं लागतो, असा त्यांचा एबिंगहाउस यांच्यावर मुख्य आक्षेप होता. म्हणून त्यांनीं गोष्ट निवडली. आणि तीही मुद्दाम परकी निवडली. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांची ही कथा फ्रान्झ बोआस यांनीं टिपून घेतली होती. एगुलॅक गांवचे दोन तरुण सील मारावयास नदीवर जातात. धुकें पडलेलें असतें. युद्धाच्या आरोळ्या ऐकूं येतात, एक डोणी जवळ येते, आणि तींतील लोक त्यांना लढाईस चला म्हणतात. एक जण जातो, दुसरा घरीं परततो. लढाईच्या धुमश्चक्रींत कोणी तरी म्हणतें कीं, या माणसाला लागलें आहे, आतां परत चला. तरुणाच्या मनांत येतें, हीं तर भुतें! त्याला वेदना मात्र होत नाहींत. तो घरीं येतो, विस्तव पेटवतो, सर्वांना हकीकत सांगतो. आणि सूर्य उगवतांच खालीं कोसळतो. त्याच्या तोंडांतून कांहीं तरी काळें बाहेर पडतें. लोक पाहतात तों तो मेलेला असतो.

ही गोष्ट बार्टलेट यांनीं सुशिक्षित इंग्रज मंडळींना दोनदां वाचावयास दिली, पंधरा मिनिटांनीं आठवून लिहावयास सांगितली, आणि नंतर दिवसांनीं, महिन्यांनीं, कांहींना तर वर्षांनीं पुन्हां लिहावयास लावली. एका गृहस्थाची परीक्षा त्यांनीं साडेसहा वर्षांनंतर घेतली! काय झालें तें पाहण्यासारखें आहे. डोणीची साधी बोट झाली. सील मारावयास गेलेले तरुण मासे धरावयास गेले. भुतें कांहींच्या लेखांतून नाहींशींच झालीं, तर कांहींनीं तें एका टोळीचें नांव ठरवून टाकलें. तोंडांतून बाहेर पडलेलें काळें कांहीं तरी कोणाच्या आठवणींत तोंडाचा फेंस झालें, तर कोणाच्या आठवणींत बाहेर जाणारा प्राण झालें. मूळ कथेंत एका घटनेचा दुसरीशीं संबंध फारसा जोडलेला नाहीं. लिहिणारांनीं तेथें 'म्हणून' आणि 'त्यामुळें' घालून ती नीट शिवून घेतली. गोष्ट आखूड झाली, सुटसुटीत झाली, आणि इंग्रजी झाली.

यांतील कोणीही खोटें बोलत नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. प्रत्येक जण प्रामाणिकपणें आठवत होता. बार्टलेट यांनीं याला 'अर्थासाठीं धडपड' असें म्हटलें. वाचणारा मनाची कोरी पाटी घेऊन बसत नाहीं. पूर्वीच्या अनुभवाचे सांचे त्याच्यापाशीं तयार असतात, नवा मजकूर त्यांत बसवून घेतला जातो, आणि आठवतांना त्या सांच्यांतूनच तो पुन्हां घडविला जातो. हेन्री हेड या मज्जातंतुशास्त्रज्ञांकडून त्यांनीं 'स्कीमा' हा शब्द घेतला. तो त्यांना स्वतःला मनापासून आवडत नव्हता, तरी पुढें तोच त्यांच्या नांवाला चिकटला. याच ग्रंथांत त्यांचा दुसरा एक प्रयोग आहे. त्याची कल्पना पुढें गणितज्ञ म्हणून गाजलेल्या नॉर्बर्ट वीनर यांनीं त्यांना तरुणपणीं सुचविली होती, आणि ती आपल्या मुलांच्या कानगोष्टींच्या खेळाचीच आहे. पहिल्यानें वाचून लिहावयाचें, तें दुसऱ्यानें वाचून लिहावयाचें, दुसऱ्याचें तिसऱ्यानें. चित्रांवर हा खेळ केला तेव्हां घुबडाचें चित्र हातोहातीं बदलत शेवटीं मांजराचें झालें.

बार्टलेट यांचें सर्वच म्हणणें मात्र जसेंच्या तसें टिकलें नाहीं. १९६७ सालीं गॉल्ड व स्टीफन्सन यांनीं तीच भुतांची गोष्ट वापरून प्रयोग केले. 'जें नक्की आठवतें तेवढेंच लिहा, भर घालूं नका' अशी सक्त ताकीद दिल्यावर चुका पुष्कळच कमी झाल्या. इतकेंच नव्हे, तर आपण कोणता भाग पदरचा घातला आहे याची जाणीवही लिहिणारांना बरीच असते, असें दिसून आलें. तेव्हां स्मृति सर्वस्वीं बनावट असते, असा जो निष्कर्ष कांहीं लोक उत्साहानें काढतात, तो मला पटत नाहीं. कसें विचारलें यावर बरेंच कांहीं अवलंबून असतें, आणि हें कोणत्याही वर्गशिक्षकाला ठाऊक असतें.

मधल्या काळांत अमेरिकेंत वर्तनवादाचा अंमल होता व मनांतील सांच्यांविषयीं बोलणें अशास्त्रीय समजलें जाई. त्या तीस वर्षांवर वेळ घालविण्याचें कारण नाहीं. १९६७ सालीं जॅकलिन सॅक्स यांनीं लोकांना दुर्बिणीच्या शोधावरील उतारा ऐकविला. त्यांत, दुर्बिणीची माहिती एकानें पत्रानें गॅलिलिओला कळविली, अशा अर्थाचें एक वाक्य होतें. लगेच विचारलें तर वाक्याच्या रचनेंतील लहानसा फरकही लोक ओळखीत. पण ऐंशी शब्दांश पुढें गेल्यावर, म्हणजे अर्धा मिनिट होण्यापूर्वींच, रचना बदललेली ओळखूं येईना. पत्र गॅलिलिओनेंच पाठविलें असा उलट अर्थ केला, तर मात्र तो बदल बहुधा ओळखला जाई. शब्द गेले, अर्थ राहिला. आपल्याकडे वैदिक घराण्यांनीं क्रम, जटा, घन अशीं पाठांचीं अवघड बंधनें कां घातलीं असावींत, याचा उलगडा मला या प्रयोगानें झाला. मन शब्द आपण होऊन राखीत नाहीं. ते राखावयाचे तर असा पहारा बसवावाच लागतो. आणि पहारा बसविणाऱ्या त्याच परंपरेंत यास्काच्या निरुक्तानें अर्थ न जाणतां पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे, हेंही विसरूं नये.

१९७२ सालीं जॉन ब्रॅन्सफर्ड व मार्शिया जॉन्सन यांनीं एक उतारा तयार केला. वस्तूंचे निरनिराळे ढीग करावे, एका वेळीं फार घेऊं नयेत, सोय नसेल तर दुसरीकडे जावें, अशा धर्तीचा. प्रत्येक वाक्य सोपें, आणि तरीही काय चाललें आहे तें कळूं नये! हा उतारा कपडे धुण्याविषयीं आहे असें ज्यांना आधीं सांगितलें, त्यांना १८ मुद्द्यांपैकीं सरासरी ५.८ आठवले; ज्यांना कांहींच सांगितलें नाहीं त्यांना २.८. आणि ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितलें, त्यांना २.७, म्हणजे न सांगितल्यासारखेंच. धडा संपल्यावर 'याचें तात्पर्य असें' म्हणून फळ्यावर लिहिण्याची आपली जुनी चाल आहे. तिच्याविषयीं हे आंकडे पुष्कळ कांहीं सांगून जातात.

त्याच वर्षीं ब्रॅन्सफर्ड यांनीं आपल्या दोन सहकाऱ्यांसह एक छोटीशी युक्ति केली. तरंगणाऱ्या ओंडक्यावर तीन कासवें बसलीं होतीं आणि त्यांच्या खालून एक मासा पोहत गेला, असें वाक्य ऐकणारांना पुढें वाटूं लागलें कीं, मासा 'ओंडक्याखालून' गेला असेंच आपण ऐकलें होतें. वाक्यांत तें नव्हतें. पण मनांत उभ्या राहिलेल्या चित्रांत होतें. कासवें ओंडक्याशेजारीं बसविलीं, तेव्हां हा घोटाळा झाला नाहीं.

१९७९ सालच्या एका प्रयोगांत तर आपलीच माणसें आहेत. इलिनॉय विद्यापीठांत मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव व रिचर्ड अँडरसन यांनीं भारतीय व अमेरिकन वाचकांना दोन पत्रें दिलीं. एकांत भारतीय लग्नाचें वर्णन, दुसऱ्यांत अमेरिकन लग्नाचें. आपापल्या देशाचें पत्र दोघांनींही भरभर वाचलें व अधिक आठवलें. परक्या पत्रांत काय झालें तें ऐका. अमेरिकन वधूनें आजीचा लग्नांतील पोषाख घातला होता. तिकडे हा मोठा मान. एका भारतीय वाचकाला मात्र आठवलें तें असें कीं, मुलगी दिसत होती बरी, पण पोषाख फार जुना होता. उलट, वरपक्षाला द्यावयाच्या देण्याघेण्याची आपल्याकडील बोलणी अमेरिकन वाचकाच्या आठवणींत परस्परांना भेटी देण्याचा करार झाली. दोघांनाही इंग्रजी उत्तम येत होतें. शब्द एकूण एक समजले होते.

या साऱ्या धाग्यांची व्यवस्थित वीण वॉल्टर किंच यांनीं घातली. ऑस्ट्रियांत वाढलेले हे गृहस्थ तरुणपणीं प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. ते पुढें अमेरिकेस गेले, कोलोराडो विद्यापीठांत रमले, आणि २०२३ सालीं वारले. ॲम्स्टरडॅमचे ट्युन व्हॅन डाइक यांच्यासह त्यांनीं १९७८ व १९८३ सालीं जें मांडलें त्याचा मतितार्थ असा: वाचतांना मनांत तीन थर तयार होतात. शब्दांचा थर वरचा, तो लवकर पुसला जातो. त्याखालीं विधानांचा, म्हणजे कोणी काय केलें याचा. आणि सर्वांत खोल थर त्या प्रसंगाच्या चित्राचा. तो वाचक स्वतःच्या ज्ञानानें भरून काढतो. पहिले दोन थर असले तर मुलाला धडा सांगतां येतो. तिसरा असला तरच धड्याबाहेरचें उदाहरण सोडवितां येतें. गुण कशाला द्यावयाचे, हा माझा प्रश्न येथें निदान नीट मांडला तरी गेला. १९९६ सालीं डॅनिएल मॅक्नमारा यांनीं किंच यांच्यासह हृदयविकारावरील मजकूर शाळकरी मुलांना देऊन पाहिला. ज्यांना विषयाची माहिती नव्हती त्यांना सर्व दुवे जोडलेला, सविस्तर मजकूर उपयोगी पडला; ज्यांना माहिती होती, तीं मुलें थोड्या फटी ठेवलेल्या मजकुरावरून अधिक खोल शिकलीं. फट दिसली म्हणजे मन ती बुजवावयास उठतें. सर्व फटी आधींच लिंपून देणारीं मार्गदर्शकें घरांत आणून ठेवणाऱ्या पालकांनीं यावर विचार करावा.

आणि माहितीचें सामर्थ्य केवढें! १९८८ सालीं रेक्ट व लेस्ली यांनीं ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचें वर्णन वाचावयास दिलें. वाचनांत कच्चीं पण खेळांत मुरलेलीं मुलें, वाचनांत पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांना मागें टाकून गेलीं. क्रिकेटच्या बातम्या वाचणारे मागच्या बांकावरचे विद्यार्थी ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

उरला प्रश्न टिकविण्याचा. आयोवा संस्थानांत हर्बर्ट स्पिट्झर यांनीं १९३९ सालीं सहावींतील ३,६०५ मुलांवर दाखवून दिलें होतें कीं, वाचल्यानंतर लवकर घेतलेली चांचणी विस्मरणाला आवर घालते. पण तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. २००६ सालीं रोडिगर व कार्पिक यांनीं सेंट लुईस येथें तेंच पुन्हां तपासलें. विद्यार्थ्यांच्या एका गटानें उतारा पुनःपुन्हां वाचला, एकूण सरासरी चौदा वेळां. दुसऱ्यानें तीन-चार वेळां वाचून पुस्तक मिटलें, आणि तीन वेळां आठवून कागदावर लिहून काढला. पांच मिनिटांनीं पाहिलें तर वाचणारे पुढें होते, ८३ टक्क्यांस ७१. आठवड्यानें पाहिलें तों वाचणारांपाशीं ४० टक्के उरलें होतें, आणि पुस्तक मिटणारांपाशीं ६१. प्रयोगाच्या पहिल्याच दिवशीं दोन्ही गटांना विचारून ठेवलें होतें कीं, आठवड्यानें तुम्हांला किती आठवेल असें वाटतें? अधिक विश्वासानें बोलले ते चौदा वेळां वाचणारे.