तीन अक्षरं आणि दोन मोर्चे

एनएसयू ही तीन अक्षरं जुन्या मोटारसायकलींचं वेड असलेल्या एखाद्या जर्मन आजोबांसमोर उच्चारा, त्यांचा चेहरा खुलतो. तीच अक्षरं तुर्की वंशाच्या जर्मन मैत्रिणीसमोर उच्चारली तर ती गप्प होते. या वेळच्या भागात नेकारसुल्मवर बोलताना ही गोष्ट वेळेअभावी अर्धवट राहिली, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितेय.

नेकारसुल्म हे श्टुटगार्टच्या उत्तरेचं, हाइलब्रॉनला खेटून असलेलं छोटं शहर. नेकारला सुल्म नावाची छोटी नदी जिथे मिळते, ते हे ठिकाण. ऑडीचा कारखाना किंवा लिडलचं मुख्य कार्यालय यांमुळे तुमच्यापैकी काहींच्या ते परिचयाचं असेल. 1880 साली इथे विणकामाची यंत्रं बनवणारी एक कंपनी आली. पुढे तिने सायकली काढल्या, 1901पासून मोटारसायकली काढल्या आणि नाव घेतलं ते गावाच्याच नावातली तीन अक्षरं उचलून: एनएसयू. 1950च्या दशकात ती जगातली सर्वात मोठी मोटारसायकल कंपनी होती. 1969 साली ती ऑटो युनियनमध्ये विलीन झाली आणि त्यातूनच आजची ऑडी उभी राहिली. गावातल्या जुन्या गढीत दुचाकींचं संग्रहालय आहे. कधी गेलात तर तासभर हाताशी ठेवून जा.

त्या कारखान्याला माणसं कमी पडत होती, तशी सगळ्याच पश्चिम जर्मनीला पडत होती. 30 ऑक्टोबर 1961 रोजी तुर्कस्तानशी करार झाला. इस्तंबूलमधल्या जर्मन कार्यालयात उमेदवारांना रांगेत उभं करून दात, छाती, लघवी असं सगळं तपासत. जे पास होत ते सिर्केजी स्टेशनवरून गाडीत बसत आणि दोन-तीन दिवसांनी म्युनिकच्या 11 नंबर फलाटावर उतरत. सुरुवातीला या कामगारांना फक्त दोन वर्षांची मुदत होती. दोन वर्षं राबायचं आणि परत जायचं, जागेवर दुसरा येईल. ही अट 1964 साली गेली आणि ती काढायला लावली कारखानदारांनी! शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी घालवायचा आणि नव्याला पुन्हा शिकवायचं, हे त्यांना परवडेना. युरोपातल्या 'एकात्मते'वर आज इतकं लिहिलं जातं, पण तिचा पहिला दरवाजा असा हिशेबाच्या वहीने उघडला.

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला. तुर्की उपाहारगृहात बिल मागताना लोक 'हेसाप' म्हणतात, तो हाच. आपल्या गिरणगावातला कामगार कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावाला 'मुलूख' म्हणायचा, तुर्की कामगार आपल्या गावाला 'मेमलेकेत' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. बायकापोरं मुलखात, आपण खोलीत पाचसहा जणांबरोबर, दर महिन्याला मनीऑर्डर आणि 'अजून दोनच वर्षं' हे पालुपद. लालबाग-परळची गोष्ट ऐकत वाढलेल्या कुणालाही नेकारकाठच्या कामगार-वसतिगृहांची गोष्ट समजावून सांगायला लागू नये.

धर्माचं काय? त्याचा तेव्हा फारसा गाजावाजाच नव्हता. 3 फेब्रुवारी 1965 रोजी कोलोनच्या प्रसिद्ध कॅथेड्रलमध्ये काहीशे तुर्की कामगारांनी रमजानच्या शेवटी नमाज पढली, चर्चने परवानगी दिली म्हणून. आज अशी घटना घडली तर आठवडाभर टीव्हीवर वादावादी चालेल. तेव्हा ही माणसं 'गास्टआर्बायटर' होती, म्हणजे पाहुणे कामगार. नंतर 'तुर्की' झाली. आणि 'मुस्लिम' ही त्यांची पहिली ओळख बरीच उशिरा झाली, मुख्यतः 2001नंतर. माणसं तीच होती, फक्त त्यांच्याकडे बघताना लावलेली पाटी बदलत गेली.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो 1972चा कायदा. जर्मन कारखान्यांत कामगारांनी निवडलेली एक समिती असते, बेट्रीब्झराट. कामाच्या पाळ्या, बडतर्फी, जादा कामाचे तास अशा विषयांत तिला कायद्याने अधिकार असतात. या समितीसाठी मत द्यायचा हक्क परदेशी कामगारांना होताच, 1972पासून निवडून यायचाही मिळाला. म्हणजे फोरमनशी भांडायला अनातोलियातल्या एखाद्या खेड्यातला माणूस रीतसर प्रतिनिधी होऊ शकत होता. त्याच माणसाला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत नव्हतं, आणि जर्मन किंवा युरोपीय संघाचं नागरिकत्व नसेल तर आजही नाही. काही राज्यांनी स्थानिक मताधिकार देऊन पाहिला, पण 1990 साली घटना-न्यायालयाने तो रद्द केला. लोकशाही त्यांना आधी पट्ट्यावर, मशीनच्या खडखडाटात भेटली.

अर्थात कारखान्यात सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं कुणी समजू नये. ऑगस्ट 1973मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे 300 तुर्की कामगारांना काढून टाकलं, तेव्हा संप झाला. तो बराचसा तुर्की कामगारांनी एकट्यानेच लढवला आणि मोडला गेला. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला सरकारने भरती बंद केली. परिणाम अगदी उलटा झाला: आता एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर लोकांनी बायकापोरांनाच इकडे बोलावून घेतलं. तात्पुरती वस्ती कायमची झाली ती अशी, सरकारच्याच हाताने.

आता पहिला मोर्चा. 1975 साली तोट्यात गेलेल्या फोक्सवागेनने नेकारसुल्मचा कारखाना बंद करायचा विचार सुरू केला. 18 एप्रिलला हजारो कामगार नेकारसुल्मपासून हाइलब्रॉनपर्यंत चालत गेले. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. धातुकामगार युनियनचा इथला प्रमुख होता क्लाउस त्स्विकेल, जो पुढे देशभराच्या युनियनचा अध्यक्ष झाला. परदेशी कामगारासाठी तर हा दुहेरी पेच होता, कारण नोकरी गेली की राहण्याचा परवानाही डळमळणार. हजारो नोकऱ्या गेल्या, पण कारखाना वाचला. लवकरच तिथे पोर्शे 924 तयार व्हायला लागली. गाव ही आठवण आजही जपतं आणि जपायलाही हवी. रस्त्यावर उतरलेल्यांचं म्हणणं ऐकलं गेलं.

दुसरा मोर्चा 31 वर्षांनी, 6 मे 2006 रोजी, कासेल शहरात निघाला. 9 सप्टेंबर 2000 रोजी न्युर्नबर्गमध्ये एन्व्हर शिमशेक या फुलविक्रेत्याला गोळ्या घातल्या गेल्या होत्या. तो 1985 साली जर्मनीत आला, आधी कारखान्यात राबला, मग फुलांचा धंदा काढला. 'एकात्म' व्हा म्हणतात त्याचा याहून चोख नमुना कुठे मिळणार? त्याच्यानंतर 2006पर्यंत आणखी आठ जण एकाच पिस्तुलाने मारले गेले. नऊपैकी आठ तुर्की मुळांचे, एक ग्रीक. पोलिसांना संशय आला तो घरच्यांचाच: अमली पदार्थ, माफिया, बाहेरख्याली. तपासपथकाचं नाव ठेवलं 'बोस्पोरुस'. वर्तमानपत्रांनी 'डोनर-खून' असा शब्द पाडला. मेलेल्यांतल्या बहुतेकांचा डोनरशी काडीचाही संबंध नव्हता. कासेलमध्ये त्या एप्रिलमध्ये 21 वर्षांचा हालित योझगात मारला गेला, तेव्हा या कुटुंबांनीच मोर्चा काढला. फलकावर मागणी होती: दहावा बळी नको. हे खून वंशद्वेषातून होताहेत, हे ती माणसं उघडपणे सांगत होती. फार थोड्यांनी ते ऐकलं.

दहावा बळी 25 एप्रिल 2007 रोजी गेला. मिशेल किझेवेटर, 22 वर्षांची पोलीस, गस्तीच्या गाडीत. ठिकाण हाइलब्रॉन. ज्या शहराकडे नेकारसुल्मचे कामगार चालत गेले होते, तेच.

नोव्हेंबर 2011मध्ये खुनी सापडले ते तपासामुळे नाही, बँक दरोडा फसल्यामुळे. त्या नवनाझी टोळीने स्वतःला 'नाझी भूमिगत' अशा अर्थाचं जर्मन नाव घेतलं होतं आणि त्याची आद्याक्षरं होती एनएसयू. फेब्रुवारी 2012मध्ये चान्सलर मेर्केल यांनी कुटुंबांची जाहीर माफी मागितली.

म्हणून 'मुस्लिम समाज युरोपात मिसळला का' हा प्रश्न मला अर्धा वाटतो. भाषा शिकले का, पोरींना पोहायला पाठवतात का, अशा याद्या आपण फार ऐकतो. शिमशेकच्या बायकोला एका सोनेरी केसांच्या बाईचा फोटो दाखवून 'ही तुझ्या नवऱ्याची ठेवलेली बाई' असं पोलिसांनी खोटंच सांगितलं होतं. मिसळण्याच्या परीक्षेत त्या प्रसंगी नापास कोण झालं?

हे मी मराठी वाचकांसाठी का लिहितेय? आपल्या गणपतीच्या हॉलमध्ये, मोदकांच्या रांगेत, 'आपण तसले नाही हं, आपण शिकलेले' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. आपल्याला ब्लू कार्ड आहे, बी-वन केली की 21 महिन्यांत कायमचा परवाना. इस्तंबूलच्या रांगेत आपले दात कुणी तपासले नाहीत. पण हे आयतं दार एका रात्रीत बसवलेलं नाही. मुदतीची अट, कुटुंबाला आणायचा हक्क, परदेशी माणसाने कामगार-प्रतिनिधी होणं, 2024पासून दुहेरी नागरिकत्व, या प्रत्येक चौकटीवर त्या 'तसल्या' लोकांच्या पिढ्यांनी डोकं आपटलंय. (दुहेरी नागरिकत्वाचा आपल्याला उपयोग नाही, कारण भारत ते मानत नाही. पण तो राग वेगळ्या भागात काढू.)

इथल्याच एका मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या माझ्या पुण्याच्या मित्राला बेट्रीब्झराटच्या निवडणुकीचं पाकीट आलं होतं. 'हे जर्मन लोकांचं असतं' असं म्हणून त्याने ते न उघडता जुन्या कागदांच्या निळ्या डब्यात टाकलं. मी त्याला 1972ची गोष्ट सांगितली. चहा होईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "कागदाची गाडी गुरुवारी येते ना?" तो दिवस मंगळवार होता.