'पर्यंत'चं पाणी

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरेतून खाली येतं, संगमनेरच्या पुढं ओझरच्या बंधाऱ्यावर अडतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्याला लागतं. कालव्यातून चारी, चारीतून पोटचारी, मग शेत. मुखाशी किती क्युसेक सोडलं ते कागदावर असतं. पण वाटेत पाणी झिरपतं, चारी फुटते, वरचे लोक रात्री दारं धरून बसतात. म्हणून टेलचा शेतकरी एकच विचारतो, सोडलं किती ते ऱ्हाऊ द्या, बांधावर किती आलं ते सांगा.

घरातल्या इंटरनेटचा इतिहास मी वाचू लागलो, तेव्हा मला हाच प्रश्न जागोजागी दिसला.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचं. पुढं मोडेमवर ५६ किलोबिट लिहून यायचं, पण आपल्या जुन्या तारांवर तेवढं कुठलं मिळायला! २००४ च्या धोरणानं ठरवलं, की निदान २५६ किलोबिट असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. २०१३ ला ते ५१२ झालं, २०२३ ला २ मेगाबिट. सरकारनं असं कमीत कमी ठरवलं, पण जाहिराती लागल्या जास्तीत जास्तीच्या. 'शंभरपर्यंत', 'दोनशेपर्यंत'. आकडा बोटाएवढा मोठा आणि 'पर्यंत' मुंगीएवढा.

'पर्यंत' हा शब्द खोटा नसतो. पोतं शंभर किलोपर्यंत मावतं म्हणलं, तर त्यात वीस किलो भरलं तरी बोलणं खरंच. पण पैसे शंभरचे मोजल्यावर गिऱ्हाइकानं काय समजायचं?

२०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० मेगाबिट. काम दोन वर्षांत उरकायचं होतं. पहिल्या एक लाख ग्रामपंचायती व्हायलाच डिसेंबर २०१७ उजाडलं. मधे योजनेचं नाव बदलून भारतनेट झालं. पण ग्रामपंचायतीपर्यंत फायबर येणं म्हंजे चारीच्या तोंडाशी पाणी येणं. वस्तीवरचं घर अजून पुढं असतं.

वेग घटतो कुठं, तेही समजून घ्यावं. तांब्याच्या तारेवर एक्सचेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. फायबरला अंतराचा तेवढा त्रास नाही, पण तिथं वाटेकरी असतात. एकाच धाग्याला फाटे काढून ३२ किंवा ६४ घरं जोडता येतात. सगळी एकदम जागी झाली, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं. शिवाय घराच्या जाड भिंतीतून वायफाय दमून जातं. आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर मेगाबिटची लाइन पुरी चालली तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात.

आमच्या वस्तीवर एका कंपनीची लाइन घेतली, 'शंभरपर्यंत'ची. पहाटे पाचला मोजलं तर साठ भरायचं, रात्री आठला सहा. बारावीतली नात रात्री सराव परीक्षेला बसली, की निम्म्या पेपरात चाक गरगरत राहायचं. वेळ संपून गेला, की उत्तरं येत असूनही गुण नाहीत. तक्रार केली तर पलीकडून उत्तर आलं, आमच्या बाजूनं वेग बरोबर आहे.

हे उत्तर कुठून येतं, ते मला नंतर उमगलं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हंजे ट्रायनं, २००६ साली ब्रॉडबँडच्या दर्जाचा नियम केला होता, की गिऱ्हाइकाला घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळाला पाहिजे. नियम चांगला. पण मोजायचं कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत. केंद्राच्या वरचा कालवाच कोरडा असला, तर चारी कितीही धड असून काय उपयोग?

ब्रिटनमध्ये या भांडणाचा निकाल जरा पुढं गेला. तिथं २०१८ पासून जाहिरातीत असाच वेग छापायचा, जो गर्दीच्या वेळी, म्हंजे रात्री आठ ते दहा, निदान निम्म्या गिऱ्हाइकांना मिळतो. त्याआधी दहा टक्के गिऱ्हाइकांना मिळाला तरी चालायचं. २०१९ पासून तिथल्या नियामकाच्या संहितेत सामील झालेल्या कंपन्या लाइन विकतानाच खात्रीचा किमान वेग सांगतात. तो मिळाला नाही आणि महिन्याभरात सुधारला नाही, तर गिऱ्हाइकानं दंड न भरता करार सोडावा.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. पाण्यात महाराष्ट्रानं २००५ लाच कायदा केला, की पाणी वापर संस्थेला पाणी घनमापानं, मोजून द्यायचं. आकडा मुखाशी नाही, संस्था जिथं पाणी घेते तिथं लागतो. अंमल सगळीकडं सारखा नाही, पण मोजायची जागा ठरली, हे मोठं झालं. इंटरनेटचंही तेच व्हावं. लाइन घेताना कंपनीनं लिहून द्यावं: रात्री आठ वाजता, या घरात, तार जोडून, निदान इतकं. 'पर्यंत' त्यांनी ठेवावं, आम्हाला 'निदान' द्यावं. वस्तीवरच्या पोरांची परीक्षा त्यावर चालते.