पृष्ठभागाची रचना : बहुवारिके, पेशी व जीवाणू यांच्या संबंधांचा इतिहास

शरीरात बसविलेल्या कृत्रिम पदार्थाचा ऊतींशी प्रत्यक्ष संबंध येतो तो त्याच्या पृष्ठभागामार्फत. अंतर्भाग कितीही भक्कम असला, तरी स्वीकार की नकार हे प्रथम पृष्ठभागावर ठरते. प्रस्तुत लेखात बहुवारिकांच्या पृष्ठभागाकडे पाहण्याची दृष्टी ‘निवडी’कडून ‘रचने’कडे कशी वळली, याचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

आरंभीचा आदर्श निष्क्रिय पदार्थाचा होता. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छताचे ॲक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही फारसा दाह होत नाही, असे हॅरॉल्ड रिडली यांना आढळले. त्याआधारे १९४९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये त्याच बहुवारिकाचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसविले. येथे पदार्थ निवडला गेला होता. त्याचा पृष्ठभाग घडविला गेला नव्हता.

पृष्ठभागाच्या घडणीचे सूत्र पाण्याच्या अभ्यासातून आले. टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये थेंबाच्या संपर्ककोनाचा विचार मांडला. खडबडीतपणामुळे ओलेपणाची मूळ प्रवृत्ती तीव्र होते, हे वेन्झेल यांनी १९३६ मध्ये, तर खाचांत अडकलेली हवा थेंबाला तोलून धरते, हे कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये दाखविले. १९९७ मध्ये बार्थलॉट व नाइनहुइस यांनी कमळाच्या पानाची स्वच्छता मेणाचा थर आणि सूक्ष्म उंचवटे यांच्या संयोगाने स्पष्ट केली. अळूचे पानही त्यांच्या अभ्यासात होते. मराठीतील ‘अळवावरचे पाणी’ या वाक्प्रचारामागील कारण ते हेच.

पेशींबाबतही असाच प्रत्यय आला. तेरुओ ओकानो व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तापमानानुसार बदलणाऱ्या बहुवारिकाचा थर वापरला. ३७ अंश सेल्सिअसला त्याला चिकटलेल्या पेशी, तापमान सुमारे ३२ अंशांखाली नेताच विकरांविना सुट्या झाल्या. १९९७ मध्ये हार्वर्ड येथील संशोधकांनी पेशींना लहानमोठ्या चिकट ठिपक्यांवर वाढविले; पसरण्यास जागा मिळालेल्या पेशी जगल्या, आक्रसलेल्या मृत झाल्या.

तथापि, पेशींना अनुकूल असणारा पृष्ठभाग पुष्कळदा जीवाणूंनाही अनुकूल ठरतो. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये या संघर्षाला ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ म्हटले. जीवाणू आधी पोहोचून त्यांनी पटल निर्माण केल्यास प्रतिजैविके अपुरी पडतात आणि अनेकदा रोपण काढून टाकावे लागते. २००१ मध्ये टिलर, क्लिबानोव्ह व सहकाऱ्यांनी धनभारित बहुवारिकाच्या साखळ्या काचेवर जोडून स्पर्शानेच जीवाणू मारणारा पृष्ठभाग सिद्ध केला. परंतु मृत जीवाणूंचा थर साचला, की अशा पृष्ठभागाचा प्रभाव ओसरू लागतो.

सारांश, पाणी, पेशी आणि जीवाणू यांचा अभ्यास दीर्घकाळ स्वतंत्र शाखांत झाला. प्रश्न मात्र एकच होता : कोणाला चिकटू द्यावे आणि कोणाला नाही? निष्क्रियतेचा आदर्श मागे पडून विवेकी निवड करणाऱ्या पृष्ठभागाचा आदर्श पुढे आला, हे या इतिहासाचे फलित होय. त्याची अंतिम कसोटी प्रयोगशाळेतील थेंबावर नव्हे, तर रुग्णाच्या शरीरात दीर्घकाळ टिकण्यावर लागते.