रिकाम्या जागेवरची बेस गिटार

1930 च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटलमध्ये, पॉल टुटमार्क नावाचा माणूस हवाईयन गिटार शिकवायचा आणि स्वतःचा बँड घेऊन फिरायचा. कार्यक्रमाला निघताना बँडमधली मंडळी एका गाडीत दाटीवाटीनं बसत, गप्पा-टवाळक्या करत जात. डबल बेस वाजवणारा तेवढा आपली गाडी घेऊन एकटा यायचा, कारण ते धूड एकदा आत कोंबलं की चालवणाऱ्यापुरतीच जागा उरायची. टुटमार्कला त्याची दया आली आणि त्यानं बेस लहान करायचं मनावर घेतलं, असं त्याचा मुलगा बड यानं पुढे सांगून ठेवलं आहे. वडिलांची थोरवी सांगणाऱ्या मुलांच्या आठवणी जपूनच घ्याव्यात, पण ही मला पटते. लग्नाच्या सीझनला टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांमध्ये अंग चोरून बसलेल्या कुणालाही पटेल.

त्याचा पहिला प्रयोग चेलोएवढा होता. 1935 च्या फेब्रुवारीत सिएटलच्या एका वर्तमानपत्रात त्याचा फोटोही छापून आला. पण चेलोही काही काखेत मारून नेता येत नाही. मग टुटमार्कनं भरीव लाकडाचं, दांडीवर पडदे बसवलेलं, गिटारसारखं आडवं धरून वाजवायचं वाद्य केलं. चार तारा, एक पिकअप, सोबत वेगळा ॲम्प्लिफायर. ‘ऑडिओव्हॉक्स 736’ या नावानं ते विक्रीला आलं. आज जिला आपण बेस गिटार म्हणतो, तिची सगळी लक्षणं त्यात होती. तरी ते चाललं नाही. 1947 मध्ये बडनं ‘सेरेनेडर’ या नावानं पुन्हा प्रयत्न केला, त्याचीही तीच गत झाली. आज अस्सल ऑडिओव्हॉक्स बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

माझ्या मते टुटमार्क चुकला नव्हता, लवकर आला होता. तेव्हाच्या मोठ्या बँडांत पंधरा-सतरा जण वाजवायचे. एवढ्या लवाजम्यात एक डबल बेस सहज खपून जायचा. महायुद्ध संपलं आणि हे गणित मोडलं. एवढ्या लोकांचे पगार परवडेनात, बँड चार-पाच जणांवर आले आणि माणसं कमी होऊनही आवाज मात्र वाढला. गिटार विजेवर गेली, ड्रमवाले जोरात बडवू लागले. त्यात डबल बेस बुडाला. त्याची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते आणि इतक्या खालच्या सुरांना माणसाचा कान मुळातच मंद असतो. वरच्या सुराइतकाच मोठा वाटायला खालच्या सुराला कितीतरी जास्त ताकद लागते. बोटांना फोड येईपर्यंत वाजवूनही चौथ्या रांगेत पत्ता नाही, अशी बेसवाल्याची अवस्था होती.

लिओ फेंडरला ही रड त्याच्या दुकानातच ऐकू येत होती. हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा माणूस. शिक्षण हिशेबनीसाचं, नोकरी मंदीत गेली, मग 1938 मध्ये उसन्या 600 डॉलरवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वाजवणारे लोक ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणत, त्यांच्या तक्रारी ऐकत ऐकत तो वाद्यं बनवू लागला. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती आणि ती त्यानं कधी शिकलीही नाही. एका अर्थानं ते बरंच झालं. वाद्याबद्दल भक्तिभाव नसलेला माणूसच डबल बेसकडे बघून हे अवजड का, ऐकू का येत नाही आणि मागे उभं राहूनच का वाजवायचं, असे सरळ प्रश्न विचारू शकतो.

1951 च्या अखेरीस त्याची ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आली. नावातली अचूकता पडद्यांची होती. डबल बेसच्या दांडीवर पडदे नसतात, सूर कुठे आहे हे बोटांना वर्षानुवर्षांच्या रियाजानं कळतं. पडदे बसवले की बोट थोडं मागे पडलं तरी सूर जागेवर लागतो. तारेची लांबी किती ठेवायची हा खरा पेच होता. डबल बेसची तार साधारण 42 इंच, फेंडरच्या गिटारची साडेपंचवीस. लांबी फार कमी केली तर खालची तार ढिली पडून नुसती फडफडते, फार ठेवली तर गिटारवाल्याचा हात पुरत नाही. फेंडर 34 इंचांवर थांबला. सत्तरेक वर्षं झाली, आज दुकानात हाताला लागेल त्या बहुतेक बेसची लांबी तेवढीच आहे. आवाज ऐकू न येण्याची दुसरी अडचणही त्यानं लगोलग सोडवली आणि 1952 मध्ये बेससाठी 15 इंची स्पीकरचा ‘बासमन’ ॲम्प्लिफायर काढला. (गंमत म्हणजे या बासमनच्या पुढच्या आवृत्त्या गिटारवाल्यांनीच पळवल्या. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात 1962 मध्ये पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला, तो बासमनच्याच सर्किटवर बेतलेला होता. रॉकच्या त्या प्रसिद्ध गडगडाटाचा मूळपुरुष असा बेसवाल्यांच्या घरातला आहे.)

या वाद्याच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच लावतात, फक्त एक सप्तक खाली. त्यामुळे डबल बेसला हातही न लावलेला गिटारवाला आठवडाभरात कामापुरती बेस वाजवू लागला. फेंडरला ते हवंच होतं. छोट्या बँडला एक जास्तीचा गिटारवाला सहज सापडतो, डबल बेसवाला सापडत नाही. इथून पुढची बेस गिटारची कहाणी जवळजवळ सगळी गैरहजेरीची आहे. कुणीतरी आलं नाही, कुणी सोडून गेलं, काहीतरी बंद पडलं, आणि त्या भोकाला बूच म्हणून बेस आली.

जॅझच्या दुनियेत तिला पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर आणलं लायोनेल हॅम्प्टनच्या बँडनं. 1952 च्या जुलैमध्ये ‘डाउन बीट’ मासिकात समीक्षक लिओनार्ड फेदर यानं या नवलाबद्दल लिहिलं, ते साधारण असं की बँडमध्ये डबल बेस कुठे दिसत नाही, पण बेसचा आवाज तर येतो आहे. वाजवणारा होता रॉय जॉन्सन. त्याच्यानंतर ती जागा मंक माँटगोमेरीकडे आली, गिटारवादक वेस माँटगोमेरीचा हा थोरला भाऊ. मंक मुळात डबल बेसवाला, त्याला हे खेळणं हातात धरायचीच लाज वाटली होती. मग त्यानं आयुष्य त्यातच घातलं. एल्व्हिस प्रेस्लीचा बेसवाला बिल ब्लॅक मात्र इतका समजूतदार नव्हता. 1957 मध्ये एका चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात नवी फेंडर त्याला वश होईना, तेव्हा ती जमिनीवर आदळून तो निघून गेला आणि त्या गाण्याची बेस खुद्द एल्व्हिसनं वाजवली, असं सांगतात.

आता हॅम्बुर्ग. दुसऱ्यांची गाणी रात्र रात्र वाजवून पोट भरणाऱ्या बँडची ही काशी. 1960 च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलची पाच पोरं तिथल्या ‘इंद्रा’ नावाच्या क्लबात येऊन दाखल झाली. रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचं. स्वतःची गाणी जवळपास नव्हतीच, चक बेरी, लिटल रिचर्ड, कार्ल पर्किन्स यांची उसनवारी चालू होती. बीटल्स तेव्हा सरळसरळ कव्हर बँड होते. त्यांचा बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ हा मुळात चित्रकार. प्रदर्शनात त्याचं चित्र विकलं गेलं आणि मित्रांनी त्याच्या गळ्यात बेस मारली, एवढीच त्याची पात्रता. 1961 मध्ये तो चित्रकलेकडे परत गेला आणि हॅम्बुर्गमध्येच राहिला. जागा रिकामी पडली. बेस कुणालाच नको होती. मागे उभ्या राहणाऱ्या जाड्या मुलाचं ते काम, अशी तेव्हाची समजूत पॉल मॅकार्टनीनं पुढे अनेकदा सांगितली आहे. शेवटी ती त्याच्याच पदरात पडली.

त्यानं त्या शहरातल्या दुकानातून साधारण 30 पौंडांना ‘हॉफ्नर 500/1’ घेतली. व्हायोलिनच्या आकाराची ही जर्मन बेस त्यानं निवडली त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. फेंडर त्याच्या आवाक्याबाहेर होती आणि तो डावखुरा. हॉफ्नरची दोन्ही अंगं सारखी असल्यामुळे उलटी धरली तरी वेंधळी दिसत नव्हती. ती पहिली हॉफ्नर 1972 मध्ये लंडनमधल्या एका व्हॅनमधून चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी, 2024 मध्ये, ती सापडल्याचं जाहीर झालं. बीटल्स पुढे जे झाले ते झाले, पण बेसनं गाण्याखाली नुसती वीट न ठेवता स्वतःची चाल गुणगुणायची, हे जगभरच्या पोरांना शिकवलं ते नाइलाजानं बेसवाला झालेल्या या माणसानं.

कॅरल के हिचंही असंच. लॉस एंजेलिसमधली ही गिटारवादक. 1963 च्या सुमारास एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवाला आलाच नाही, म्हणून तिच्या हातात बेस दिली गेली. गिटारवाली असल्यामुळे ती बेसही प्लेक्ट्रमनं छेडायची आणि तो टणक, नेमका आवाज पुढे बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’सारख्या रेकॉर्डवर कायमचा बसला. तिकडे डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत जेम्स जेमरसन उजव्या हाताचं एकच बोट वापरून वाजवायचा. तारा तुटेपर्यंत तो त्या बदलत नसे. आज कुठलाही कव्हर बँड जुन्या सोल गाण्यांचा गुच्छ काढतो तेव्हा बेसवाल्याचे हात जेमरसनच्या पावलांवरून चालत असतात, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. दोष त्याचा नाही. मोटाउनच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांची नावं छापतच नसत. मार्विन गेच्या 1971 मधल्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती आली, तोवर जेमरसननं ऐन उमेदीचं दशक निनावी खर्ची घातलं होतं.

सगळ्यात मला आवडते ती लॅरी ग्रॅहमची गोष्ट, कारण ती छोट्या कार्यक्रमांच्या धंद्यातून जशीच्या तशी उचलली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हा पोरगा आईबरोबर क्लबांतून वाजवायचा. आई डेल ग्रॅहम पियानो वाजवून गायची, एक ड्रमवाला होता आणि लॅरी हातांनी गिटार, पायांनी ऑर्गनच्या खालच्या पट्ट्या वाजवत बेस भरायचा. एक दिवस ऑर्गन बंद पडला. खालचा सूर नाहीसा झाल्यावर सगळं पोकळ वाटू लागलं, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत वेळ मारून न्यायला त्यानं भाड्यानं बेस गिटार आणली. ऑर्गन काही दुरुस्त झाला नाही. पुढे आईनं ड्रमवाल्याशिवायच कार्यक्रम करायचं ठरवलं. आता ठेकाही गेला! मग लॅरी तारेवर अंगठा आपटून मोठ्या ड्रमचा ‘धप्’ काढू लागला आणि दुसरी तार बोटानं उपटून स्नेअरचा ‘चट्’. कुणाकडून शिकायचं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं, दोन माणसांत चौघांचं काम उरकायचं होतं. त्यांच्या कार्यक्रमाला नेहमी येणाऱ्या एका बाईनं स्लाय स्टोन या रेडिओवरच्या निवेदकाला फोन करकरून या मुलाला ऐकायला बोलावलं. स्लायनं त्याला आपल्या नव्या बँडमध्ये घेतलं आणि फंक नावाच्या सगळ्या घराण्याला ‘स्लॅप’ मिळाला. आजकाल दुकानात बेस हातात घेतली की पोरं आधी हाच प्रकार करून दाखवतात. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे तेव्हा बघू नये.

मुंबईत हे वाद्य पोचलं ते हॉटेल आणि स्टुडिओ यांच्यामधल्या वर्दळीतून. 1930 च्या दशकात ताजमध्ये अमेरिकन जॅझ बँड वाजवत होते, त्यांच्याकडे कान लावून गोव्याचे वादक तयार झाले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. आधी डबल बेस, साठच्या दशकापासून बेस गिटार. राहुलदेव बर्मन यांच्या चमूतले टोनी वाझ हे त्यातलं ठळक नाव. राहुलदेव ऊर्फ पंचम यांच्या गाण्यांत बेस नुसती ठेक्याला चिकटून राहत नाही, मध्येच स्वतःचं काहीतरी बोलून जाते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत ही गाणी बसवताना गायक मिळतात, ढोलकी-तबल्याला माणूस मिळतो, घोडं अडतं ते इथे.

त्यावर जपानी लोकांनी एक तोडगा काढला होता. रोलँड कंपनीनं 1981 च्या सुमारास ‘टीबी-303’ नावाचं छोटं यंत्र आणलं, ते बेसवाला नसलेल्या वादकांना साथीला म्हणून. म्हणजे माणसाच्या गैरहजेरीवर वाढलेल्या वाद्याची आता स्वतःचीच जागा रिकामी धरली गेली होती. यंत्राचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, ते पडून राहिलं आणि 1984 मध्ये बंद झालं. पण त्याआधी, 1982 मध्ये, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी ते घेतलं, त्यावर राग चढवले आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. शिकागोत याच यंत्रातून पाच वर्षांनी ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार निघाला आणि 2010 मध्ये रेकॉर्ड पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा हे मुंबईत आधीच होऊन गेलं होतं हे लोकांच्या ध्यानात आलं.

आता गोव्यातल्या कितीतरी लग्नांत ‘वन मॅन बँड’ असतो. एक गायक, एक कीबोर्ड आणि बाकी सगळं आधीच भरून ठेवलेलं. मराठी ऑर्केस्ट्रातही कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस सांभाळून घेतो, आयोजकाचं एक पाकीट वाचतं. नाचणाऱ्यांना फरक कळत नाही म्हणतात. मला तो पायांत कळतो, पण मी पडलो पक्षपाती.

तरीही बेसवाल्याचा फोन वाजतो, आणि तो बहुधा कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच वाजतो. नेहमीच्या माणसाला ताप आला आहे, किंवा त्याच तारखेला त्याच्या मेहुण्याचं लग्न आहे. गाण्यांची यादी व्हॉट्सॲपवर येते, सोबत कॉर्ड लिहिलेले असतात, कुठलं गाणं मूळ पट्टीत आणि कुठलं गायिकेसाठी दोन सूर खाली ते कंसात. बदली ड्रमवाल्याला तालमीशिवाय उभं करायला कुणी धजत नाही. बदली बेसवाल्याला मात्र थेट साउंड चेकलाच बोलावतात, कॉर्डचा मूळ सूर धरून ठेव म्हणतात. म्हणून आमच्यातले बरेच जण एकाच वेळी तीन-चार बँडांत असतात आणि एकाही बँडच्या पोस्टरवर नसतात.