केरसुणी कोणाच्या हातात?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, सह्या-अंगठे झाले आणि चहा येईपर्यंत आम्ही सहज विचारलं, "सकाळी घरातली अंथरुणं कोण गोळा करतं?" सगळ्याजणी हसल्या. "हे काय विचारणं झालं का ताई!" मग आम्ही पुढचं विचारलं, "तुम्ही माहेरी गेलात तर कोण करतं?" तेव्हा हसणं थांबलं. एक आजी म्हणाल्या, "आपण परत येईस्तोवर तशीच असतात की."

रोज घर आवरायचं हे आपल्या अंगवळणी इतकं पडलंय की या कामालाही काही इतिहास असेल असं वाटत नाही. पण तो आहे. आज तोच सांगणार आहोत.

आपल्या आज्यांची घरं आठवा. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन. पहाटे उठायचं, जात्यावर दळायचं, गोठ्यातलं शेण काढायचं, त्यातलंच थोडं कालवून अंगणात सडा टाकायचा, चूल पोतारायची, मग रांगोळीची दोन बोटं. एका कामातून दुसरं काम निघायचं. शेण काढलं की सडा आलाच, म्हणून कोणी आठवण करून द्यावी लागत नसे. शिवाय घरात सामान किती? दिव्याला कोनाडा, कपड्याला खुंटी नाहीतर दोरी, दुधाला शिंकं, डाळी-कडधान्याला उतरंड. प्रत्येक वस्तूला तिची जागा होती, कारण जास्तीची वस्तूच नव्हती. घटस्थापनेच्या आधी गोधड्या-वाकळा नदीवर जायच्या, घर वरपासून खालपर्यंत झाडलं जायचं. आता फरशी आली, सारवण गेलं. पण खुर्चीवर कपड्यांचा ढीग आला, खिळ्याला पिशव्यांत पिशव्या आल्या. काम कमी झालं असं म्हणतात, आम्हाला ते पटत नाही. फक्त बदललं.

जुनं सगळं चांगलं होतं असंही नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, हळदी-कुंकू वाहतो, तिला पाय लागू देत नाही. ती शिंदीच्या पानांची केरसुणी वळायची कोणी? मातंग समाजाच्या बायामाणसांनी. केरसुणी लक्ष्मी म्हणून देवापुढे, आणि ती वळणाऱ्यांची घरं गावाबाहेर. घर झाडताना हे आठवलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

आता सव्वाशे वर्षांमागे जाऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो पुण्यात पसरला. इंग्रज सरकारनं १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्यात रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरात शिरले. स्वयंपाकघरात, देवघरात. रोगी शोधायचे, सामान बाहेर काढून जाळायचे, जंतुनाशक शिंपडायचे, भिंतींना चुना मारायचे. बायांना परक्या पुरुषांसमोर तपासणीला उभं केल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या. लोकांचा राग किती होता ते रँडच्या खुनावरून कळतं. त्याच साथीत आपल्या सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या.

एवढी घरं धुतली, जाळली, तरी प्लेग थांबला नाही. का? तो पसरत होता उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि इतरांना ते पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे भिंतीला चुना मारण्यापेक्षा सांडलेले दाणे रोजच्या रोज उचलणं आणि अडगळ हलवणं जास्त उपयोगाचं होतं. उंदीर येतो दाण्यापाठी आणि राहतो अडगळीत. खेड्यांत पटापट उंदीर मरून पडायला लागले की माणसं गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायची. साथ सरली की परत यायची. शिपायांच्या धाकानं केलेली ती सफाई मात्र शिपायांबरोबरच गेली. दुसऱ्याच्या धाकानं झाडलेलं घर कुठवर स्वच्छ राहणार?

यानंतर ज्यांची गोष्ट येते ते तुम्हाला माहीत आहेतच. गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला परीट समाजात जन्मले. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा कपडा, एका हातात फुटकं गाडगं, दुसऱ्या हातात झाडू. गावात शिरले की कोणाला काही न सांगता रस्ता झाडायला लागायचे, गटार साफ करायचे. लोक आधी वेडा समजायचे. रात्री कीर्तन, आणि कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न. देव कुठं शोधता, कर्ज काढून सण कशाला करता, पोरांना शाळेत का घालत नाही? पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, स्वतःला मात्र झोपडीही ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले.

आम्हाला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर एक पुरुष झाडू मारत होता, आणि तोही रोज. सणापुरता नव्हे, कोणी हुकूम दिला म्हणून नव्हे. पण इथे एक नाव घेतलंच पाहिजे. बाबा गावंच्या गावं झाडत फिरत होते, तेव्हा मागे घर आणि पोरं सांभाळत होत्या त्यांच्या पत्नी कुंताबाई. बाबांबद्दल आदर ठेवूनच आम्ही हे सांगतोय. त्यांची आठवणही ठेवावी, इतकंच.

पुढे २०००-०१ मध्ये राज्य सरकारनं बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. ते दिवस आमच्यापैकी बऱ्याचजणींना आठवतात. अख्खं गाव रस्त्यावर उतरायचं, पुरुषसुद्धा फावडी घेऊन, आणि त्या कामाची गंमत वाटायची. काही गावांनी ते वर्षानुवर्षं टिकवलं. आमच्या गावात मात्र तपासणी समिती येणार कळलं की दोन रात्री बाया जागायच्या. समिती गेली की उकिरडा पुन्हा जागेवर!

आणि घराच्या आत? देशात २०१९ मध्ये सरकारनं एक पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बाया त्यात तेव्हा दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष ९७ मिनिटं, पण तेही जे घरकाम करत होते तेच. त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष शंभरात २६ च निघाले. बैठकीत आम्ही हे वाचून दाखवलं तेव्हा मागून आवाज आला, "सव्वीस? ते कुठल्या गावचे?"

त्यानंतर आमच्या गटातल्या पाचजणींनी एक ठरवलं. दिवेलागणीच्या आधी पंधरा मिनिटं घर आवरायचं, घरात जितकी माणसं असतील तितक्यांनी. रोज तीच वेळ, जनावरांच्या धारा काढून झाल्या की लगेच, म्हणजे विसरायला नको. ज्याची वस्तू त्यानं उचलायची. आणि सकाळी ज्यानं त्यानं आपलं अंथरूण काढायचं. हे बोलायला सोपं आहे. एका घरात तिसऱ्या दिवशीच सासूबाईंनी मुलाच्या हातातली केरसुणी काढून घेतली. दुसरीकडे पोरं करतात, बाप बघतो. एकीनं तर आठवड्यात सोडून दिलं, म्हणाली, "रोज सांगण्यापेक्षा करणं सोपं." तिला आम्ही काही बोललो नाही, कारण तिचं खोटं नव्हतं.

पाचवीच्या घरी महिना झाला, चालू आहे. तिचा नवरा सकाळी अंथरुणं काढतो, घड्या घालतो, खालचा केरही काढतो. फक्त आधी पुढचं दार लावून घेतो, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. पुढच्या बैठकीत तिला विचारणार आहोत, दार उघडं राहायला लागलं का.